शोधणाऱ्याला आपलं दुकान कसं सापडेल?

दुकान काढायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न जागेचा असतो. एस.टी. स्टँडजवळ मिळेल का, मंडईच्या तोंडाशी मिळेल का, शाळेच्या वाटेवर मिळेल का? जागा मोक्याची असली की निम्मा धंदा झाला, असं जुने व्यापारी सांगत आले आहेत. वेबसाइटचं मात्र तसं नसतं. वेबसाइट कुठल्याच रस्त्यावर नसते. जाता-येता तिची पाटी कुणाच्या नजरेला पडत नाही. ज्याला तिचा पत्ता ठाऊक आहे तो थेट येतो. बाकीचे बरेचसे लोक सर्च इंजिनच्या, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा गूगलच्या दारातून येतात. तिथं माणूस दोन-चार शब्द टाकतो, समोर यादी येते, आणि वरची पाच-सात नावं बघून तो थांबतो. यादीच्या दुसऱ्या पानापर्यंत जाणारे थोडेच. म्हणून छोट्या धंदेवाल्याचा प्रश्न असतो, माझं नाव या यादीत वर कसं येईल?

या एका प्रश्नाभोवती मोठा बाजार उभा राहिला आहे. 'तीस दिवसांत तुम्हाला पहिल्या नंबरवर आणतो' असे फोन येतात. दरमहा काही हजार मागितले जातात. बिचारा दुकानदार पैसे भरतो आणि दर सकाळी मोबाईल उघडून आपला नंबर बघत बसतो. खरं तर गूगलनं स्वतःच वेबसाइटवाल्यांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आहे, त्यात स्वच्छ लिहिलं आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. तरी ही हमी विकली जाते, कारण ती विकत घेणाऱ्याला हे यंत्र कसं चालतं ते माहीत नसतं. एकदा ते समजलं, तर बरंचसं काम घरच्या घरी, फारसा खर्च न करता होतं. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ आणि मग कामाला लागू.

उदाहरण म्हणून मिरजेला जाऊ. सांगली जिल्ह्यातल्या या गावात दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे घडवले जातात. सोलापूर जिल्ह्यातून मोठे भोपळे येतात, तूण लाकडाची दांडी तयार होते, तबली बसते, खुंट्या बसतात, तारा चढतात, आणि शेवटी जवारी लावली की लाकूड बोलायला लागतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता अशी कल्पना करू, की इथल्या एका गल्लीत एक कारागीर आहे. वडिलांच्या हाताखाली काम शिकलेला आणि वर्षाकाठी मोजकीच वाद्यं करणारा. त्याच्या मुलीनं हौसेनं वेबसाइट करून घेतली. दिसायला देखणी आहे. पण वर्ष उलटलं तरी वेबसाइट बघून एकही फोन आला नाही. पुण्यातला किंवा परदेशातला गायक वाद्य शोधायला बसतो, तेव्हा त्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या विक्रेत्यांची नावं दिसतात. त्यांच्याकडचा एखादा तंबोरा याच कारागिराच्या हातचा असू शकतो. पण पाटी विक्रेत्याची, आणि यादीत नावही विक्रेत्याचंच. हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. ज्यानं वाद्य घडवलं त्याचं नाव गाणाऱ्यापर्यंत पोचतं की वाटेतच गळून पडतं, हा खरा प्रश्न आहे.

सर्च इंजिन काय करतं? आपण शब्द टाकल्यावर ते त्या क्षणी जगभर धावत सुटतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. जाड ग्रंथाच्या शेवटी एक सूची असते. अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे, याची ती यादी. आपल्याला एखादा विषय हवा असला की आपण सगळा ग्रंथ चाळत नाही, सूची बघतो. गूगल तेच करतं, फक्त त्याची सूची अब्जावधी पानांची असते. ती तयार करण्यासाठी त्याचा एक प्रोग्राम अखंड फिरत असतो. एका पानावर गेला की तिथला मजकूर वाचतो, तिथून दुसऱ्या पानांकडे जाणाऱ्या लिंक पकडून पुढं जातो. वाचलेलं सूचीत टिपून ठेवतो. म्हणजे टप्पे तीन. आधी पान सापडणं, मग ते सूचीत नोंदलं जाणं, आणि शेवटी कुणी विचारलं की सूचीतली पानं क्रमानं लावणं. दुकानदार फक्त तिसऱ्या टप्प्याची काळजी करत असतो. पुष्कळदा त्याचं घोडं पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावरच अडलेलं असतं.

क्रम कसा लागतो, त्यामागची मूळ कल्पना मोठी सुंदर आहे. सुरुवातीच्या काळातली सर्च इंजिनं प्रामुख्यानं शब्द मोजत. ज्या पानावर 'तानपुरा' दहा वेळा, ते पाच वेळावाल्याच्या वर. मग लोकांनी पानभर तोच शब्द लिहायला सुरुवात केली. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्रानं मात्र मोजावं. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी गूगल ही कंपनी काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादं पान स्वतःबद्दल काय सांगतं एवढंच बघू नका, इतर पानं त्याच्याबद्दल काय सांगतात ते बघा. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली, तर ती एक साक्ष समजा. आणि सगळ्या साक्षी सारख्या धरू नका. ज्याच्याकडे स्वतःलाच भरपूर साक्षी आहेत, त्याच्या साक्षीला वजन जास्त द्या.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. मुलीसाठी स्थळ बघताना आपण हेच करतो. मुलगा स्वतःबद्दल सांगेल ते ऐकून घेतो, पण विसंबतो चौकशीवर. तीही कुणा ऐऱ्यागैऱ्याकडे करत नाही. गावात ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा माणसाकडे करतो. मध्यस्थानं पैसे देऊन उभे केलेले दहा साक्षीदार एका बाजूला आणि शाळेतले निवृत्त गुरुजी एका बाजूला. आपण कुणाचं ऐकू?

आज गूगल फक्त लिंक बघत नाही, शेकडो गोष्टी बघतं, आणि त्याचं गणित सतत बदलत असतं. पण गाभा तोच राहिला आहे. शोधणाऱ्याला नेमकं काय हवं आहे, ते या पानावर आहे का, आणि या पानावर विश्वास ठेवावा का?

विश्वासाचं सोंग आणणाऱ्यांचं काय होतं, याची उदाहरणं जाहीर आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलनं बीएमडब्ल्यू या बलाढ्य मोटार कंपनीचं जर्मन संकेतस्थळ काही काळ यादीतून काढून टाकलं, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच पान दाखवलं जात होतं. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सनं जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीची गोष्ट छापली. कपड्यांपासून चादरींपर्यंत कित्येक वस्तूंच्या शोधात ती पहिली येत होती. कारण संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. बातमी येण्याच्या सुमारास गूगलनं कारवाई केली आणि ती दुकानं यादीत धडाधड खाली गेली. त्याच वर्षी पोकळ मजकुराच्या पानांना आणि २०१२ साली विकतच्या लिंकांना खाली ढकलणारे मोठे बदल गूगलनं केले. एवढ्या मोठ्या कंपन्या सावरतात, त्यांच्याकडे पैसा असतो. मिरजेच्या कारागिराची वेबसाइट एकदा खाली गेली तर ती वर काढायला त्याच्याकडे ना माणूस ना पैसा. म्हणून 'पाचशे लिंक फक्त अमुक रुपयांत' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पहिलं काम म्हणजे आपण सूचीत आहोत की नाही ते बघणं. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहायचा, त्याला लागून दोन ठिपक्यांचं विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन द्यायचा, आणि त्याला लागून, मध्ये जागा न सोडता, आपल्या वेबसाइटचा पत्ता लिहायचा. आपली सूचीतली पानं साधारण कोणती, ते दिसतं. काहीच आलं नाही तर पुढच्या सगळ्या गोष्टी व्यर्थ. मग गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सोयीत आपली वेबसाइट नोंदवायची. कोणतं पान नोंदलं गेलं, कोणतं नाही आणि का नाही, हे ती सांगते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले, त्याची यादी ती देते. गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द असे फुकट कळणं ही धंदेवाल्यासाठी पर्वणीच आहे.

दुसरं काम, आपला मजकूर यंत्राला वाचता येतो का ते पाहणं. आपल्याकडची कितीतरी छोटी संकेतस्थळं म्हणजे छापील माहितीपत्रकाचे फोटो असतात. नाव फोटोत, पत्ता फोटोत, फोन नंबरही फोटोत. माणूस ते वाचतो, पण यंत्रानं ते अचूक वाचून सूचीत घ्यावं यावर विसंबता येत नाही. आणि गिऱ्हाइकालाही त्या नंबरावर बोट ठेवून फोन लावता येत नाही. मराठीत आणखी एक अडचण आहे. छापखान्यात वर्षानुवर्षं 'शिवाजी', 'श्रीलिपी' अशा फाँटमध्ये मजकूर जुळवला गेला. जुन्या पद्धतीच्या अशा फाँटमध्ये अक्षर दिसायला मराठी, पण संगणकाच्या पोटात ते इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेलं असतं. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला तर यंत्राला मराठी दिसतच नाही, दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खच. उपाय साधा आहे. मजकूर युनिकोडमध्ये हवा, जो आपण रोज मोबाईलवर टाइप करतो तोच. परीक्षाही सोपी आहे. आपल्या वेबसाइटवरची एक मराठी ओळ उचलून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ती मराठीच राहिली तर ठीक. तिची इंग्रजी खिचडी झाली तर वेबसाइट करणाऱ्याला बोलावून घ्या.

तिसरं काम शब्दांचं. मी कवितेचा माणूस, त्यामुळे मला हे काम सगळ्यांत जवळचं वाटतं. कारागीर म्हणतो 'तंबोरा'. हिंदी मुलखातला गायक म्हणतो 'तानपुरा'. जुन्या मराठी माणसाच्या तोंडी 'तंबुरा' येतो. वस्तू एक, शब्द तीन. त्यात कुणी देवनागरीत टाइप करतो, कुणी इंग्रजी अक्षरांत. कारागिराच्या वेबसाइटवर जर फक्त 'आमची दर्जेदार उत्पादने' असं लिहिलं असेल, तर या कुणालाच तो सापडायचा नाही. 'दर्जेदार उत्पादने' असं कुणी शोधतं का? जाहिरातीची भाषा आणि गरजेची भाषा वेगळी असते. लोक गरजेच्या भाषेत शोधतात.

गरजही एका शब्दात कळत नाही. 'तानपुरा' एवढंच लिहिणाऱ्याला कदाचित मोबाईलवर वाजणारं ॲप हवं असेल, किंवा रियाजासाठी तासभर चालणारा सूर हवा असेल. तिथं कारागिरानं पहिलं येण्याचा हट्ट धरू नये. तो येणारही नाही, आणि आला तरी त्या लोकांना वाद्य विकत घ्यायचंच नाही. पण 'काळी एकचा तंबोरा', 'गायिकेसाठी काळी चारचा तानपुरा', 'मिरजेत सतार दुरुस्ती', 'तंबोऱ्याची जवारी कुठं लावून मिळेल' असं शोधणारे थोडे असले तरी ते खरे गिऱ्हाईक आहेत. मोठ्या विक्रेत्यानं या बारीक प्रश्नांची उत्तरं लिहिलेली असतीलच असं नाही. छोट्याची संधी नेमकी इथं आहे. फोनवर, दुकानात लोक काय विचारतात, ते महिनाभर वहीत जसंच्या तसं टिपून ठेवावं. ती वही म्हणजेच वेबसाइटचा आराखडा.

त्या वहीवरून पानं पाडायची. एका पानावर एकच विषय. बायकी आवाजासाठी तंबोरे हे एक पान, सतारींचं दुसरं, दुरुस्तीचं तिसरं, आणि बाहेरगावी पाठवण्याच्या सोयीचं चौथं. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक असतं, जे गूगलच्या यादीत बहुधा ठळक अक्षरांत दिसतं. पुष्कळ ठिकाणी तिथं नुसतं 'होम' लिहिलेलं असतं. दुकानाच्या पाटीवर 'दुकान' असं लिहिण्यासारखंच ते. त्याऐवजी 'मिरजेचे तानपुरे: गायक-गायिकांसाठी पट्टीनुसार' असं लिहिलं तर यंत्रालाही कळतं आणि माणसालाही. मात्र शीर्षकात 'तानपुरा, तंबोरा, तंबुरा, स्वस्त तानपुरा, उत्तम तानपुरा' अशी माळ ओवू नये. वाचणाऱ्याला ती खटकते आणि यंत्रही अशा माळांना भुलत नाही. पूर्वी पानाच्या आत न दिसणाऱ्या जागी शब्दांची यादी भरून ठेवायची पद्धत होती. ती यादी क्रम लावताना आम्ही बघतच नाही, असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलं. तरी काही सल्लागार आजही तिचे पैसे घेतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही गिऱ्हाइकांसाठी लिहायचं तर पानंही दोन करावीत. एकाच पानावर भाषांची सरमिसळ नको.

पानावर लिहायचं काय? जे फक्त आपल्यालाच माहीत आहे ते. इथं कारागीर श्रीमंत आहे, पण त्याला ते ठाऊक नसतं. भोपळा कसा निवडतात आणि किती वाळवतात, घोडीवर तारेखाली दोरा कुठं सरकवला की जवारी खुलते, पावसाळ्यात वाद्याची काळजी कशी घ्यायची, विमानानं पाठवताना भोपळ्याला तडा जाऊ नये म्हणून पेटीत काय भरतात, हे सारं त्याच्या बोटांत आहे. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेली दहा पानं आणि स्वतःच्या अनुभवाचं एक पान यात दुसरं अधिक कामाचं. लिहिता येत नसेल तर त्यानं बोलावं आणि मुलीनं उतरवून घ्यावं. फोटोही स्वतःच्या कारखान्यातले लावावेत, आणि प्रत्येकाखाली तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहावं. वेबसाइट करताना फोटोचं वर्णन भरायची एक वेगळी जागा असते, तीही भरावी. अंध व्यक्तींचं वाचनयंत्र तेच वर्णन वाचून दाखवतं आणि सर्च इंजिनलाही त्यावरून चित्र कळतं.

चौथं काम नकाशावरचं. ज्याचं गिऱ्हाईक गावातलं आणि आसपासचं आहे, त्या पिठाच्या गिरणीवाल्याला, दाताच्या डॉक्टरला, टायरवाल्याला हे काम वेबसाइटइतकंच महत्त्वाचं. गूगल बिझनेस प्रोफाइल ही नोंदणी मोफत आहे. जवळच्या दुकानांचा क्रम लावताना शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक अशा तीन गोष्टी मुख्यतः बघतो, असं गूगल सांगतं. अंतर आपल्या हाती नाही, बाकी दोन आहेत. धंद्याचा प्रकार अचूक निवडावा. पत्ता, फोन, उघडण्या-मिटण्याची वेळ खरी लिहावी, आणि सणाला दुकान बंद असेल तर तेही टाकावं. नाव पाटीवर आहे तसंच लिहावं. 'मिरजेतील सर्वोत्तम' असं शेपूट नावाला जोडणं नियमाविरुद्ध आहे. वेबसाइटवर, नकाशावर, फेसबुकवर नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकच असावा. तीन ठिकाणी तीन नंबर असले तर यंत्र सोडा, माणूसही बुचकळ्यात पडतो.

या नोंदीखाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय येतात. समाधानी गिऱ्हाइकाला 'दोन ओळी लिहा' असं मोकळेपणानं सांगावं. पण अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणं, भाच्या-पुतण्यांकडून तारे लावून घेणं, विकतचे अभिप्राय आणणं हे गूगलच्या नियमात बसत नाही. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनंही २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केलं, त्यात विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असाच सूर आहे. कुणी तक्रार लिहिली तर भांडू नये. काय झालं आणि आपण काय केलं, एवढं शांतपणे लिहावं. पुढचं गिऱ्हाईक तक्रारीइतकंच आपलं उत्तरही वाचत असतं.

पाचवं काम साक्षीचं, आणि ते सगळ्यांत सावकाश होतं. कारागिराला खऱ्या साक्षी कुठून मिळतील? ज्या संगीतशाळेत त्याची वाद्यं आहेत तिच्या वेबसाइटवरून, ज्या गायिकेला त्यानं तंबोरा करून दिला तिच्या पानावरून, मिरजेच्या वाद्यांवर लेख लिहिणाऱ्या वर्तमानपत्रातून, वाद्यनिर्मात्यांच्या संस्थेकडून. यातले बरेच लोक त्याला ओळखतातच. फक्त 'माझ्या वेबसाइटचा पत्ता तुमच्या पानावर द्याल का?' असं विचारायचं राहून गेलेलं असतं. मानांकनाच्या बातमीत गावाचं नाव गाजलं. वाद्य कुठल्या पद्धतीनं घडतं याचं चांगलं पान कारागिरानं लिहिलं असेल, तर उद्या त्या विषयावर लिहिणारा पत्रकार किंवा अभ्यासक आपण होऊन त्याचा दाखला देईल. अशा पाच साक्षी विकतच्या पाचशेंवर भारी पडतात.

घरातली काही बारीक कामंही आहेत. वेबसाइट मोबाईलवर नीट दिसली पाहिजे. मोबाईलवर नीट न दिसणारी पानं मोबाईलवरच्या शोधात मागे टाकायला गूगलनं २०१५ पासूनच सुरुवात केली. पान लवकर उघडलं पाहिजे. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो कितीतरी एमबीचा असतो, तो आकारानं लहान करूनच लावावा. खेड्यातल्या कमजोर नेटवर्कवर, साध्या फोनवर स्वतः उघडून बघावं. पत्त्याच्या बाजूला 'सुरक्षित नाही' असा इशारा येत असेल तर तो दूर करून घ्यावा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं असावं. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर ते राहिलं आणि पुढं त्याच्याशी बिनसलं, तर इतक्या वर्षांची सगळी साक्ष त्याच्या ताब्यात जाते. दुकानाचं भाडेपत्र जसं जपतो तसं हे जपावं, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

जाहिरातीबद्दलही पुष्कळांचा गैरसमज असतो. गूगलला पैसे देऊन यादीच्या वर जाहिरात लावता येते, तिच्यावर तसं लिहिलेलंही असतं. पैसे थांबले की जाहिरात थांबते. जाहिरात दिली म्हणून खालच्या खऱ्या यादीतला क्रम सुधारत नाही. सणासुदीला, नव्या धंद्याला जाहिरात उपयोगी पडते, पण ती भाड्याची जागा आहे हे लक्षात ठेवावं. मग खऱ्या क्रमाला किती दिवस लागतात? गूगलच्याच मार्गदर्शनात सल्लागाराच्या कामाचं फळ दिसायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं सांगितलं गेलं आहे. तीस दिवसांची बोली लावणाऱ्याला हे ऐकवावं.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. २०२४ पासून भारतातही काही प्रश्नांना गूगल यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेला सारांश दाखवतं. वाचणाऱ्याचं काम पुष्कळदा तिथंच भागतं आणि तो खाली कुणाच्याच वेबसाइटवर जात नाही. छोट्यांना याचा फटका बसू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'जवारी म्हणजे काय' याचं उत्तर सारांशात मिळालं, तरी जवारी लावून घ्यायला माणूसच लागतो. जे काम हातानं होतं, त्याचा पत्ता लोक शोधतच राहणार. आणि तो सारांशही कुणीतरी, कुठंतरी लिहिलेल्या पानांवरूनच तयार होतो. आपल्या कामाबद्दल आपण लिहिलं नाही, तर दुसऱ्या कुणीतरी अर्धवट लिहिलेलं खरं मानलं जाईल.

हे सगळं करूनही आपला कारागीर 'तानपुरा' या शब्दाला पहिला येईलच असं नाही. त्यानं त्याचा ध्यासही घेऊ नये. वर्षाला मोजकी वाद्यं करणाऱ्याला दहा हजार लोकांची वर्दळ काय करायची आहे? त्याला हवेत ते पट्टी सांगून वाद्य मागणारे आणि चार महिने थांबायची तयारी असणारे दहा-वीस जण. ते सापडले, की मधल्या पाटीची गरज राहत नाही. मैफिलीत मागे बसून कुणी तंबोरा छेडत असेल, तेव्हा तो कुणाच्या हातचा आहे हे गाणाऱ्याला माहीत असेल.

तुमचा धंदा लोणच्याचा असेल, शिवणकामाचा असेल, नाही तर पंप दुरुस्तीचा. काम तेच. आज रविवार आहे. मोबाईल घ्या, आपल्या दुकानाचं नाव न टाकता, गिऱ्हाईक ज्या शब्दांत मागतं ते शब्द टाका. समोर कोण दिसतं ते बघा, आणि वहीच्या पहिल्या पानावर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न लिहा.